रोजची भाकर आणि महिन्याचं पत्रक

मराठी टाइप करता येतं, एवढ्या भांडवलावर मला पत्रकाचं काम मिळालं. जून 2017 मध्ये यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरून आत, शेतातल्या त्या बायबलच्या अभ्यासवर्गात आम्ही 14 जण दाखल झालो. त्यात कृतिदेव या मराठी फॉन्टची कळपट्टी पाठ असलेला मी एकटा. त्याआधी तीन वर्षं चांदूर रेल्वेला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहीत होतो. जागेचं नाव घेत नाही, कारण पुढं एक भांडण येणार आहे आणि त्यात माझीही बाजू फार धुतलेली नाही.

प्रवेशाचं म्हणाल तर पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं पत्र, डॉक्टरचा दाखला आणि दोन पानं स्वतःची साक्ष. साक्ष म्हणजे आपण प्रभूकडे कसे आलो ते. मी तर ख्रिस्ती घरातच जन्मलो, रविवारी मंडळीत जाणं म्हणजे सोमवारी शाळेत जाण्यासारखं. दोन पानं भरताना घाम फुटला. मुलाखतीत मोठ्या सरांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "शेतात काम करशील ना? इथं अर्धा दिवस पुस्तक, अर्धा दिवस हात." मी हो म्हणालो. हिशेबनीसाच्या हाताला आठवड्याभरात फोड आले.

पहिल्याच आठवड्यात सरांनी ऑफिसात बोलावून जुन्या अंकांची फाईल दिली. दर महिन्याला दोन पानं. वर्गातल्या बातम्या, एक छोटं मनन, शेवटी प्रार्थनेचे विषय. ज्यांच्या देणग्यांवर ही जागा चालते त्यांना पोस्टानं जायचं, काहींना व्हॉट्सअ‍ॅपवर. फाईल मी दोन रात्रीत वाचून काढली. बोअरची मोटर जळाल्याची बातमी चार वेळा आणि चारही वेळा तिच्यासाठी प्रार्थनेचा विषय. आणि एक वाक्य सारखं भेटायचं: "आमचे एक बंधू घरगुती कारणास्तव अभ्यास सोडून घरी गेले आहेत." सहा वर्षांच्या अंकांत मी ते 11 वेळा मोजलं. हिशेबाची सवय. अकरा माणसं आणि कारण एकच.

दिवस पहाटे साडेपाचला सुरू व्हायचा. घंटा म्हणजे कडुलिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. आमच्या भागात रुळाचा तुकडा दिसला की लोक शकुंतलेचं, म्हणजे यवतमाळच्या जुन्या नॅरोगेज गाडीचं नाव घेतात, पण तो कुठून आला ते कुणालाच माहीत नव्हतं. अर्धा तास शांत मनन, मग उपासना, पोहे, तीन तास वर्ग, जेवण, दोन तास काम. सहा एकर शेत होतं, कापूस आणि तूर. एका खोलीत चौघं: मी, धारणीचा एक, आर्णी तालुक्यातला एक आणि भंडाऱ्याचा एक, ज्याच्या घोरण्याबद्दल पत्रकात विषय टाकावा असं आम्ही तिघांनी एकमतानं ठरवलं होतं. धारणीचा कोरकू. घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि आता मराठीतून ग्रीक, बायबलच्या नव्या कराराची मूळ भाषा. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं काही नातं नाही. त्यामुळं ग्रीकची रूपं पाठ करताना आम्ही रडकुंडीला यायचो, तो मात्र निवांत. म्हणायचा, "मले तर मराठीपण अशीच पाठ करावी लागली."

माझी कामाची पाळी लागली स्वयंपाकघरात. तिथं राज्य मावशीचं. मावशी शेजारच्या गावची, बौद्ध. सकाळी आली की आम्हाला "जय भीम" आणि आमचं तिला "जय ख्रिस्त", दोन्ही एकाच दमात. तिनं मला पहिल्या दिवशी काटवटीसमोर बसवलं. ज्वारीच्या पिठात मी पाणी ओतलं तर म्हणाली, "मायबाई! भाकर करून राह्यला का कढी?" पंधरा दिवस माझी भाकर तव्यावर टाकतानाच तुटायची. मी मनातल्या मनात पिठाला दोष द्यायचो. एक दिवस खरंच पीठ जुनं निघालं, विरी गेलेलं. थापताना कडा फाटत होत्या. तेव्हा मावशीनं पाणी उकळून त्यात पीठ घोळवलं, तळहाताच्या टाचेनं दमानं रगडलं आणि त्याच पिठाची अखंड भाकर थापून दाखवली. भाकर फुगली तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पीठ बिचारं काय करंन."

ग्रीकचे सर सत्तरीला आलेले. ते यवतमाळच्याच युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकले, ती पुण्याला जायच्या आधी. 1953 पासून 30 वर्षं ती यवतमाळात होती आणि 1983 ला पुण्याला गेली. सर अजून "आपली सेमिनरी" म्हणत, जणू ती घरातून रुसून गेलेली मुलगी. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रभूची प्रार्थना घेतली. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" या एका ओळीवर त्यांनी तीन दिवस काढले. यातला "रोजची" हा शब्द मुळात काय आहे, हे कुणालाच ठाम सांगता येत नाही. ग्रीकमध्ये तो "एपिऊसिओस". मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्यात येतो, आणि इतर ग्रीक वाङ्मयात जवळजवळ कुठंच नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती पंडित ओरिजेन स्वतः ग्रीक बोलणारा. त्यानंही लिहून ठेवलं की हा शब्द ना विद्वानांच्या तोंडी आहे ना साध्या लोकांच्या, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. जेरोमनं बायबलचं लॅटिन भाषांतर करताना एकाच शब्दाला लूकमध्ये "रोजची" केलं आणि मत्तयात "पदार्थापलीकडची". आजची, उद्याची, जगण्यापुरती, तिन्ही अर्थ लागू शकतात.

धारणीवाल्यानं हात वर केला. "सर, मग उद्याची म्हणायले काय हरकत आहे? आमच्याकडं माय रात्री झोपताना डबा उघडून पाहते. आजचं तर खाऊन झालेलं असते."

सर थोडा वेळ फळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पंडिता रमाबाईंनी सगळं बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणलं. 1922 ला गेल्या, त्याआधी हातावेगळं केलं. अशा प्रत्येक शब्दापाशी त्या बसल्या असतील. तू आता त्या ओळीत बसला आहेस." मी हे पत्रकात लिहिलं. मोठ्या सरांनी लाल पेनानं काढून टाकलं, जागा नव्हती म्हणून. त्या जागेवर मोटर आली. मोटर पुन्हा जळाली होती, हेही खरं.

पत्रकाच्या छपाईची एक वेगळीच साडेसाती. यवतमाळात ज्या दुकानात प्रिंट काढायचो तिथल्या मशीनवर माझा फॉन्ट नसायचा. फाईल उघडली की "प्रभू"च्या जागी इंग्रजी अक्षरांची मिसळ. शेवटी मी फॉन्ट पेनड्राइव्हमध्ये घेऊन फिरू लागलो, जसा एखादा स्वतःचा चमचा खिशात ठेवतो.

त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी वेड्यासारखी वाढली होती. आमच्या शेतातसुद्धा डोक्याच्या वर. फवारणीच्या पंपाची नळी वर धरावी लागायची आणि वर मारलेलं सगळं तोंडावर, छातीवर परत यायचं. हवा दमट, अंगात बनियान, तोंडाला फार तर रुमाल, आणि टाकीत दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. आमच्याकडं विषाला औषधच म्हणतात. जुलै-ऑगस्टपासूनच यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात माणसं येऊ लागली. उलट्या, घाम, डोळ्यांपुढं धूसर. जिल्ह्यात 20च्या आसपास माणसं दगावली, शेकडो भरती झाली. मरणारे बहुतेक शेतमजूर आणि लहान शेतकरी. ऑक्टोबरात सगळ्या देशाच्या बातम्यांत यवतमाळ होतं.

मावशी एक दिवस आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली ती चुलीसमोर नुसती बसली. तिचा भाचा, बहिणीचा पोरगा, दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारत होता. भरती केला होता. "दिसत नाई म्हंते त्याले. मले आवाजावरून ओयखलं."

त्या दिवशी वर्ग झाले नाहीत. कुणी बैठक घेतली नाही की ठराव केला नाही. आर्णीवाल्यानं पीठ काढलं, मी काटवट घेतली. 40 भाकरी आणि झुणका घेऊन चौघं एसटीनं यवतमाळला गेलो. मावशीच्या भाच्याजवळ तिची बहीण होती, आणि वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात कितीतरी नातेवाईक, ज्यांच्याजवळ परत जायचे पैसे होते तर जेवायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग ते रोजचंच झालं. दिवाळीत 17 ऑक्टोबरपासून एसटीचा संप झाला, चार दिवस एकही गाडी नाही. काळीपिवळीवाल्यांनी दुप्पट भाडं लावलं. तेव्हा भंडाऱ्यावाल्याच्या मोटारसायकलवर आणि ग्रीकच्या सरांच्या जुन्या स्कूटरवर डबे गेले. सर स्वतः चालवत होते. मी मागं डबे धरून डोळे मिटून बसायचो, आणि ते मनन नव्हतं.

व्हरांड्यात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमी कोन्ते लोक?" आम्ही एकमेकांकडं पाहिलं. आर्णीवाला म्हणाला, "डबेवाले." म्हाताऱ्याला ते पटलं. प्रवचन कुणी केलं नाही, पुस्तिका वाटल्या नाहीत. कुणी सांगितलंही नव्हतं आणि सुचलंही नाही. पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभं राहायचं, डबे धुवायचे, परत यायचं.

आता भांडण. ऑक्टोबरचा अंक विशेषांक ठरलेला होता. 31 ऑक्टोबर 1517 ला मार्टिन ल्यूथरनं विटेनबर्गला चर्चमधल्या गैरप्रकारांविरुद्ध 95 मुद्दे मांडले, त्याला 500 वर्षं होत होती. मोठ्या सरांनी चार महिने आधीपासून सांगून ठेवलं होतं. मी पेचात पडलो: दोन पानांत ल्यूथर बसवू की दवाखाना? ग्रीकच्या सरांनी वाट काढून दिली. ल्यूथरनं 1529 मध्ये साध्या लोकांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. त्यात तो विचारतो, रोजची भाकर म्हणजे काय? आणि उत्तरात यादी देतो. अन्न, पाणी, कपडे, घर, शेत, गुरं, पैसा, चांगलं सरकार, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, भले शेजारी. मी ती यादी चौकटीत टाकली आणि खाली लिहिलं की आम्ही यवतमाळच्या दवाखान्यात रोज भाकरी नेतो, कुणाकडं नेतो आणि ती माणसं तिथं का आहेत. औषध, पऱ्हाटीची उंची, बनियान, सगळं. मावशीच्या भाच्याचंही लिहिलं, नाव न घेता. मला वाटलं होतं, पहिल्यांदा एक अंक बरा जमला.

अंक छापून आला तेव्हा पाहिलं. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य वाढलं होतं: "या संकटामुळे अनेक कुटुंबांना प्रभूच्या प्रेमाची साक्ष देण्याची दारे उघडली." आणि औषधाची दोन वाक्यं गेली होती.

मी गप्प राहिलो. हे कबूल केलं पाहिजे. 300 प्रती छापून झाल्या होत्या, पैसे गेले होते, आणि मी जिनिंगमध्ये मालकासमोर गप्प राहायला शिकलेला माणूस. पत्ते चिकटवायला आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. लापशीसारखी खळ मावशीनंच करून दिली होती. तिनं सहज एक प्रत उचलली. सातवीपर्यंत शिकलेली, बोट ठेवून वाचते. वाचत वाचत शेवटी आली आणि थांबली.

"दारं उघडली म्हंते. कोनाची उघडली? माया भाच्याच्या तं डोयाची दारं बंद झाली."

कुणी काही बोललं नाही. खळेत बोटं तशीच.

"तुमी भाकरी देल्या, पानी आनलं, वापस आले. थेच लिहा ना. थे काय कमी हाय का?"

प्रती दुसऱ्या दिवशी पोस्टात गेल्या. मी स्वतः नेऊन टाकल्या.

परत आल्यावर मोठ्या सरांच्या ऑफिसात गेलो. आवाज माझा चढला, त्यांचा नाही. ते म्हणाले, "हे पत्रक कोण वाचतं माहीत आहे? पेन्शनीतून महिन्याला 500 रुपये पाठवणारी एक निवृत्त नर्स. तिला कळायला नको का, आपण इथं प्रभूचं काम करतो म्हणून? तुम्ही जेवता ते कुठून येतं?" मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते रात्री दोनला, शेतात. आमच्याकडं रात्री जागल असते, रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून माचाणावर बसून डबा वाजवायचा. तिथं बसल्यावर लक्षात आलं की त्या नर्सबाईंनी आमच्यापेक्षा जास्त वॉर्ड पाहिलेत, जास्त मरणं पाहिलीत. खरं ऐकायची तयारी असेल तर सगळ्यात आधी त्यांचीच असेल. पण रात्री दोनला सांगतो कुणाला? डबा वाजवला.

सरांबद्दल एक सांगायला हवं. ते लबाड माणूस नव्हते. स्वतःच्या पगारातले चार महिने त्यांनी घेतलेच नव्हते, हे मला हिशेबाच्या वह्यांवरून माहीत होतं. 14 पोरांचं किराण्याचं बिल ज्याच्या डोक्यावर असतं त्याची भाषा हळूहळू पावतीपुस्तकासारखी होते. जिनिंगमध्ये माझीही झाली होती. तरी ते वाक्य खोटं होतं.

आठवड्यानं ते स्वयंपाकघरात आले, माझ्यासमोर मावशीला म्हणाले, "ताई, तुमच्या घरच्या दुःखाबद्दल तुम्हाला न विचारता लिहिलं. चुकलं." मावशी म्हणाली, "बसा, च्या घ्या." बस. बाहेर पडताना मला म्हणाले, "यापुढं ज्याच्याबद्दल लिहाल त्याला आधी वाचून दाखवत जा. मग मला." नोव्हेंबरच्या अंकात दुरुस्तीची ओळ गेली. मी ती मावशीला वाचून दाखवली. "हौ, ठीक आहे," म्हणाली आणि कांदा चिरायला घेतला. भाचा तोपर्यंत घरी आला होता. दिसायला लागलं होतं, पण उन्हात डोळे उघडेनात.

हा नियम फार महागात पडला. भंडाऱ्यावाल्याला वाचून दाखवलं तर त्याला व्हॉलीबॉलच्या बातमीत "उत्कृष्ट" हवं. मुलींच्या खोलीतल्या एका ताईंनी प्रार्थनेच्या विषयातून स्वतःच्या लग्नाचा उल्लेख काढायला लावला, दोन दिवसांनी पुन्हा घालायला लावला. मोटरला वाचून दाखवता येत नव्हतं म्हणून ती बातमी तेवढी बिनबोभाट जायची.

नोव्हेंबर संपताना आर्णीवाल्याला घरून फोन आला. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बोंड बाहेरून धडधाकट, फोडलं की आत अळी आणि सरकी पोखरलेली, रुईला डाग. बाजारात त्याला कवडी म्हणतात. मी तीन वर्षं जिनिंगमध्ये कवडीचा भाव कापून लिहिला होता, वहीत एक उभी रेघ मारून. त्या रेघेच्या पलीकडं कुणी बाप असतो हे कागदावर दिसत नाही. आर्णीवाला रात्रभर बाहेर ओट्यावर बसला होता. पहाटेच्या घंटेला पाहिलं तर पेटी नव्हती. ग्रीकची वही माझ्या उशाशी ठेवून गेला होता.

25 डिसेंबर नाताळ, म्हणून अंक लवकर काढायचा होता. सगळं टाइप झालं, त्याची ओळ राहिली. बोटं आपोआप चालली: आमचे एक बंधू घरगुती कारणास्तव अभ्यास सोडून घरी गेले आहेत. बारावी वेळ. मग नियम आठवला आणि फोन लावला. रेंज मिळायला तिसऱ्यांदा लावावा लागला. वाचून दाखवलं.

"घरगुती म्हंजे काय बे?" तो म्हणाला. "बायकोसंगं भांडून आलो का मी? लग्न तं होऊ दे."

"मग काय लिहू?"

"लिही. पाच एकर पऱ्हाटी होती, बोंडअळीनं गेली. बुढा एकटा होता, म्हणून गेला. आता उलंगवाडी करून गुरं सोडली वावरात. अन् 'अभ्यास सोडून' नको लिहू. नुसतं 'गेले' लिही. मी येईन का नाई ते मलेच माहीत नाई अजून."

"प्रार्थनेचा विषय?"

तो बराच वेळ बोलला नाही. मागं कुणीतरी बैलाला हाकत होतं.

"मार्चमधी बँकेचा हप्ता आहे. थे टाक."

मी टाइप केलं, जसं सांगितलं तसं, फक्त "बुढा" काढून "वडील" केलं आणि ते त्याला पुन्हा फोन करून विचारलं. कागद मोठ्या सरांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुन्हा वाचलं. लाल पेनाचं टोपण काढलं. मी टेबलाच्या कडेला धरून उभा होतो. त्यांनी "बोंडअळी"तली ऱ्हस्व वेलांटी दीर्घ केली आणि कागद परत दिला.